गंज कोणाच्या घरी

"सर, फक्त अभिप्राय द्यायचाय. निर्णय वर होतो," पोलीस उपअधीक्षकांनी फाईल माझ्यापुढे सरकवली.

मी तेव्हा गडचिरोलीच्या जंगलभागात उपविभागीय अधिकारी होतो. प्रस्ताव मंगरू नावाच्या शेतकऱ्याच्या स्थानबद्धतेचा होता. स्थानबद्धता म्हणजे गुन्हा केला म्हणून नव्हे, पुढे करील म्हणून माणसाला आत ठेवणं. खटला नाही, अधिकाऱ्याचं ‘समाधान’ झालं की पुरे. असा कायदा असावा का, यावर मोठमोठे लोक वाद घालतात. मला मात्र त्या दिवशी फक्त सहीची जागा दिसली.

मंगरूच्या घरात मोठाले गंज, म्हणजे जेवणावळीची पातेली सापडली होती. घरात माणसं मोजकी. म्हणजे हा नक्षल्यांना जेवू घालतो, असा निष्कर्ष. खरं सांगायचं तर मला तो पटलाही.

दुपारी जेवताना नावगाव न सांगता बायकोला हे ऐकवलं. ती ब्रह्मपुरीची.

"भेंडी घेतानी एकेक शेंडा मोडून पाह्यता," ती म्हणाली. "अन् माणूस आत टाकतानी काऊन नाई पाहत?"

ताटात भेंडीच होती. जेवण उरकलं आणि जीप काढली.

मंगरू चौकशीसाठी ठाण्यात होता. गावात, त्याच्या घरच्या अंगणात त्याची बायको सोमीबाई मोहफुलं वाळवत होती.

"बाई, एवढे गंज कशाले?"

"गावाचे होत साहेब. ज्याच्या घरी शेवटचं लगन, त्याच्या घरी राह्यते. पुढचा लगनवाला येऊन नेते. आमच्या पोरीनंतर कोणाचंच लगन नाई झालं."

"जंगलातले जेवाले येत का?"

तिनं माझ्या अंगरक्षकाच्या बंदुकीकडे पाहिलं. "बंदूकवाल्याले नाई म्हणता येते का? तुमचे जवान आले, त्याहीलेबी भात देल्ला."

शेजारीपाजारी विचारलं. प्रत्येकानं आपल्या घरचं लग्न सांगितलं आणि त्यानंतर गंज कोणी नेले तेही.

मी हे सगळं लिहिलं, सोमीबाईच्या भातासकट. शेवटी लिहिलं : समाधान झालेलं नाही.

जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावलं. वयानं माझ्याहून लहान, पण हुशार माणूस.

"उद्या काही घडलं तर?"

"तर खाली माझं नाव आहे, सर."

"तुम्ही शिफारस केली असती, तर मी डोळे मिटून आदेश काढला असता."

"आणि मी शिफारस केली असती ती निर्णय वर होतो म्हणून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मंगरूला आत कोण टाकत होतं?"

प्रस्ताव परत गेला. मंगरू घरी आला.

कायदा कोणीही करो, तो माणसाच्या दारात पोचायला कोणाची तरी सही लागते. तेव्हापासून मी सहीआधी शेंडा मोडून पाहतो. कामं उशिरा होतात, स्टाफ वैतागतो.

पुरावा म्हणून ठाण्यात जमा झालेले गंज सुटायला मात्र मंगरूपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. मधलं एक लग्न गावानं घरोघरच्या लहान भांड्यांत रांधून उरकलं. गंजांबद्दल कोणी माझा अभिप्राय मागितला नव्हता.