झिंगलेली शेळी आणि डोंगरातला वणवा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यांत आधी माझा गॉगल आठवतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी नवीकोरी फौजदार, नेमणूक बदलापूर भागात. शर्टाला एवढी खळ की इस्त्री मोडेल म्हणून मी उभ्यानेच तक्रारी ऐकायचे. गॉगल तर सावलीतही उतरत नसे. माझी नात तो फोटो बघून विचारते, "आजी, तुझं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं का?"

ऐन उन्हाळ्यातल्या एका सकाळी पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात एक कुटुंब येऊन बसलं. एक म्हातारी, पायाला भाजल्याची पट्टी बांधलेला तिचा मुलगा, कडेवर तान्हं घेतलेली सून आणि दोरीला एक शेळी. डोंगराखालच्या एका पाड्यावरची ही माणसं. त्यांचं घर पाड्यापासून जरा वर, उतारावर एकटंच होतं. आदल्या दिवशी वणवा घळीतून वर चढला आणि घर घेऊन गेला.

"घर जलला बाय, दाणा जलला," म्हातारी म्हणाली. "ही शेली तेवढी दावा तोडून पलाली, ती सकाली घलीत घावली. आता तू काय ता बघ."

"आजी, मॅडम म्हणा," हवालदारांनी हळूच सुचवलं.

"म्हनते की. पन मॅडमला घर बांधता येतं का?"

म्हातारीला सरकारी मदतीसाठी पंचनामा हवा होता, पण खरी अडचण वेगळी होती. त्या पाड्याची रीत अशी, की कोणाचं घर जळलं तर प्रत्येक घरातून कुडाच्या भिंतीसाठी कारवीचा एक भारा आणि छपरासाठी गवत यायचं. पाड्यातलेच बाप्ये येऊन घर उभं करून द्यायचे. या वेळी मात्र कोणी एक काडीही दिली नव्हती. तिच्या मुलानेच राब पेटवला आणि त्यातून वणवा लागला, अशी बोलवा होती. राब म्हणजे भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो. डोंगर जाळणाऱ्याला कारवी कोण देणार? पावसाच्या आत छप्पर उभं राहिलं नाही तर तान्ह्या पोराला घेऊन जायचं कुठे?

"नाय लावला आमी," मुलगा म्हणाला. "राब रचलाच नव्हता मॅडम, पेटवनार काय?"

तेवढ्यात त्याच पाड्यावरचा एक इसम आला, कोणी न बोलावता. ऊन मी म्हणत होतं, तरी अंगात लांब बाह्यांचा शर्ट आणि मनगटापर्यंत बटणं लावलेली. "मॅडम, आपण या डोळ्यांनी बघितलं. याने राब लावला, वारा सुटला, खेल खतम."

मी खूश! आरोपी व्हरांड्यात, साक्षीदार स्वतःच्या पायांनी आलेला. मी लगेच त्याचा जबाब घेतला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. एवढी हुशार बाई खात्याला मिळाली, हे खात्याचं नशीब!

या सगळ्यात शेळीने हवालदारांच्या सायकलला दोन धडका दिल्या, चारही पाय चार दिशांना टाकले आणि तिथेच आडवी झाली. मी गॉगल न काढता निदान केलं: धुरामुळे भोवळ. ते स्टेशन डायरीत लिहिलंसुद्धा. शेळीच्या तब्येतीची डायरीत नोंद घेणारी ठाणे जिल्ह्यातली पहिली अधिकारी बहुधा मीच.

दुसऱ्या दिवशी जागेवर गेलो. राब होता की नव्हता, ते कळायला काही उरलंच नव्हतं. सगळीकडे राख. कुटुंब पाड्याच्या शाळेत उतरलं होतं, तेही शेळीसकट आमच्याबरोबर वर आलं. शेळी आता ठणठणीत होती. मी पंचांना उभं करून मोजमापं सांगत होते, तेवढ्यात ती घळीत उतरून दिसेनाशी झाली. पंचनामा आटोपत आला तेव्हा परत आली आणि पुन्हा तोच नाच.

"कोनाची बाधा झाली गं तुला?" म्हातारी कळवळली.

आज तर धूर नव्हता. मग माझं निदान काय करायचं? मी आयुष्यात पहिल्यांदा कडक इस्त्रीनिशी खाली बसले आणि शेळीच्या तोंडाचा वास घेतला. आंबलेला गूळ! या वासाशी माझी जुनी ओळख. प्रशिक्षणाच्या काळात उल्हासनगरला हातभट्टीच्या धाडींत मी हा वास इतका घेतला होता, की घरी आंबोळीचं पीठ आंबलं तरी मला छापा घालावासा वाटायचा.

"हवालदार, ही शेळी प्यायलेली आहे!"

"अटक करायची का मॅडम?"

"हिच्या मागे चला."

घळ उभी होती, दगड तापलेले. माझा बूट निसटला, गॉगल खाली गेला आणि फुटला. तिथून पुढे मला बरंच दिसू लागलं. घळीच्या तळाशी चुलीचे तीन काळे दगड, वितळलेला एक कॅन आणि कातळातल्या खळग्यात ओतून दिलेलं दारूचं रसायन. त्यावर माश्या घोंगावत होत्या. आणि जळिताचा पट्टा तिथूनच सुरू होऊन वर म्हातारीच्या घराकडे गेला होता.

वणवा भट्टीपाशी लागला, हे दिसत होतं. पण भट्टी कोणाची? पाड्यात विचारलं, तर सगळ्यांची नजर जमिनीकडे. मला तो लांब बाह्यांचा शर्ट आठवला. नोकरीत पुढे अनेकदा पडताळून पाहिलं: निर्दोष माणूस विचारल्यावर घाबरतो, दोषी माणूस न विचारता खुलासा करतो.

त्या इसमाला बोलावलं. बटणं सोडायला लावली तर दोन्ही हातांवरचे केस होरपळलेले. "बंब पेटवताना झालं," म्हणाला. दरडावून पाहिलं, तो ढिम्म. मग मी चहा मागवला आणि हवालदारांशीच गप्पा मारायला लागले.

"त्या घळीतली भट्टी कोणा नवशिक्याची असणार हो. नुसतं पाणी. शेळीलासुद्धा धड चढली नाही."

हवालदार तयारीचे होते. "उल्हासनगरला याला कोण विचारतो मॅडम? शहाडच्या अड्ड्यावर तर ओतून देतात."

इसमाने चहाचा कप खाली ठेवला. "ओतून देतात? कोण बोलतो?"

"सगळेच. काडी लावली तर काडी विझते म्हणे."

"विझते? अरे, पहिल्या धारेचा माल आहे तो! शहाडवाल्यासमोर काडी लावून दाखवली, तर असा भडकला की कॅन हातात धरवेना, फेकावा लागला..."

हवालदारांनी त्याचा कप पुन्हा भरला.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून दोन पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं आणि पुरून ठेवलेली दारूची पिंपं त्याच्याच हातून काढून घेतली. शहाडचं गिऱ्हाईकही सापडलं. सगळं सांगून त्याने वर मालाची तारीफ केली ती वेगळीच. दारूबंदीचा आणि निष्काळजीपणे आग लावल्याचा, असे दोन्ही गुन्हे दाखल झाले. म्हातारीचा मुलगा निर्दोष असल्याचा अहवाल वर गेला आणि मदतीचा अर्ज मार्गी लागला.

अहवालाची नक्कल द्यायला मी शाळेत गेले. म्हातारीने कागद हातातही घेतला नाही.

"हितं नको वाचू. पाड्यात चल. सगल्यांसमोर वाच."

"आजी, असं वाचून दाखवायची पद्धत नसते."

"चोर म्हनायची पद्धत हाय ना? मग ही पन कर."

मी पाड्याच्या मधोमध उभी राहून अहवाल वाचला. सरकारी मराठी कोणाला कळेना, म्हणून पुन्हा साध्या भाषेत सांगितला. कोणी माफी मागितली नाही. थोड्या वेळाने पहिल्या घरातला माणूस आत गेला आणि कारवीचा भारा खांद्यावर घेऊन आला.

मदत मागायला आलेला माणूस हाताशी असतो, खरा गुन्हेगार नसतो. त्यामुळे संशय जवळच्यावर ठेवून मोकळं होणं फार सोपं. त्या उन्हाळ्यापासून मी फिर्यादीला आधी खुर्ची दिली आणि स्वतःही बसायला शिकले, मग इस्त्री गेली खड्ड्यात. दुसरी गोष्ट मला म्हातारीने शिकवली. निर्दोष ठरणं आणि घरी परत जाणं यांत बरंच अंतर असतं. ते पार होईपर्यंत तपास संपला, असं म्हणायचं नाही.

त्या माणसाने भारा तिच्या पायाशी ठेवला. म्हातारीने वाकून एक काठी ओढली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि परत खोचली.

"ही बारीक हाय," ती म्हणाली. "जाड आन."

तो निमूट घरात गेला आणि जाड घेऊन आला.