फुगे फोडायचा खेळ
अद्रक ठेचल्याचा वास आला की मला हिंगणघाटच्या बाजारातली ती दुपार आठवते. जुन्या फोनवर आम्ही दोघं नवरा-बायको फुगे फोडायचा खेळ खेळायचो, आणि तिचा विक्रम मोडेपर्यंत दुपारचा चहा मीच करायचा असं ठरलं होतं. एके दिवशी मी तो फोन दुकानात देऊन बदल्यात नवा आणला. त्यात आमचा खेळ काही केल्या येईना. बायको हसून म्हणाली, "आता खेळच नाई राह्यला, तं विक्रम कसा मोडसान? चाय जन्मभर तुमीच करजा!" मी चपला घालून तसाच निघालो. सरकी काढायच्या जिनिंग गिरणीकडे चाललेल्या कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत दुकानात पोचलो, तेव्हा मिशीलाही कापूस चिकटला होता. दुकानदार म्हणाला, "काका, नव्या फोनचा प्रोसेसर येगळा हाये. जुने खेळ त्याच्यावर चालतच नाई, कंपनीनं बंद केले." "मंग माहा जुना फोन वापस दे बाप्पा!" खोक्यातून तो शोधून देत त्यानं विचारलं, "काकूसाठी एवढे धावत आले?" मी होकारार्थी मान हलवली. ही गोष्ट बाजारभर झाली. सुना-नातवंडं अजून त्या प्रेमाचं कौतुक करतात, बायको लाजते, आणि मला अपराध्यासारखं होतं. म्हणून आज खरं लिहून टाकतो: मी धावलो तो चहातून सुटायला. सुटलो मात्र नाही. जुना फोन अजून चालतो, विक्रम अजून तिचाच आहे, आणि आत्ताच आतून हाक आली, "अद्रक ठेचली काय?"