आतोबांचं अर्धं पोट

आमच्या आतोबांइतका संशयी माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर आतोबांचा त्याच्यावरही विश्वास बसणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. घर देवासला, पण नोकरी सगळी धार जिल्ह्यात, नापतोल खात्यात. म्हणजे दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासायची. मनावर-धामनोदच्या बाजारात ते शिरले की भाजीवाल्यांचे काटे आपोआप सरळ व्हायचे, असं आत्या सांगते. निवृत्त झाले तरी खातं अंगातून गेलं नाही. मिठाईच्या दुकानात ते आधी रिकामा डबा तोलायला लावतात. एकदा ताप आला तर घरच्या थर्मामीटरवर भरवसा नाही म्हणून शेजाऱ्यांचा आणवला. दोन्हींचं एकमेकांशी जमेना, तेव्हा अंथरुणात पडावं की बाजारात जावं हे न कळून त्यांनी सारा दिवस ओट्यावर बसून काढला. "मतलब, निम्मा ताप तर पक्का आहे," असं ते मला म्हणाले होते.

अशा माणसाच्या घरात लेझर शिरला तो आत्यामुळे. धारला माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यात फोटोवाल्यानं तिला सांगितलं, "आंटीजी, आप थोड़ा पीछे हो जाइए, फ्रेम भर रही है।" आत्या हसली, मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली, आणि त्या दिवसापासून तिनं कुठं जाणंच टाकलं. हळदीकुंकू नाही, मुंज नाही, बारसं नाही. बहिणीच्या लग्नाचं विचारलं तर "माझे गुडघे दुखतात, मला धरू नका" असं उत्तर आलं. आता पंचाईत अशी, की आमच्याकडे लग्नाआधी घाणा भरताना, उखळात हळद कांडताना, ज्या जुन्या ओव्या म्हणतात त्या आत्याशिवाय कुणालाच येत नाहीत. आम्ही भावंडं हिंदी शाळेत शिकलेली. कुणी लिहून दिल्या असत्या तरी आम्ही म्हणताना मध्येच अडखळलो असतो. बहीण फोनवर रडली. आत्या नसेल तर घाणा भरूच नका, म्हणाली. आणि आत्या इकडे मोबाइलवर एकच जाहिरात पुन्हा पुन्हा बघत बसलेली: चाकू नाही, सुई नाही, नुसता लेझर फिरवला की पोटाची चरबी वितळते.

"वितळते, तर जाते कुठं?" आतोबांचा पहिला सवाल. "गोणीतला माल कमी भरला तर तो कुठंतरी असतोच. हवेत गेलेला माल मी अजून पाहिला नाही." त्यावर आत्या एवढंच म्हणाली, "माझं काही असलं की तुम्हाला शंकाच येतात."  दुसऱ्या दिवशी आतोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आपण इंदूरला जाऊ. तिला बोलू नकोस. तिच्या अंगाला भलतंसलतं झालं तर? आधी मी करून बघतो."

क्लिनिकमध्ये पांढरा कोट घातलेली एक गोड मुलगी होती. आतोबांनी तिला चरबीचा पत्ता विचारला. ती म्हणाली, "अंकल, बॉडी से नैचुरली निकल जाती है।" आतोबांनी विचारलं, "कौन-से रास्ते से?" तिनं हातातलं माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. रोज चालायचं आणि तळलेलं कमी खायचं, असंही तिनं सांगितलं. आतोबा लगेच माझ्याकडे वळले, "म्हणजे पोट उतरलं तर ते चालण्यानं की लेझरनं, हे कोण ठरवणार?" आणि त्यांनी आपली अट घातली: लेझर अर्ध्याच पोटावर मारायचा, उरलेलं अर्धं तुलनेला तसंच ठेवायचं. "हाफ तो कोई नहीं कराता, अंकल," मुलगी घाबरून म्हणाली. "हम देवास के हैं," आतोबा म्हणाले. तिला काही उमगलं नाही. आमच्या देवासात एकेकाळी दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि गावातला रस्तासुद्धा मधोमध वाटलेला. देवासकराला कशाचेही दोन भाग करताना संकोच वाटत नाही. पोटाची डावी बाजू थोरली पाती ठरली, उजवी धाकटी, आणि लेझर थोरलीवर फिरला. मी शर्ट धरून समोर उभा होतो.

मग सुरू झाली मोजणी. बेंबीपासून पाठीच्या कण्यापर्यंत एकदा डावीकडून टेप, एकदा उजवीकडून. सकाळी थोरली कमी भरायची, संध्याकाळी धाकटी, आणि जेवणात तुपात बुडवलेले दाल-बाफले झाले की दोन्ही पात्या सारख्याच फुगायच्या. चालण्याला श्रेय जाऊ नये म्हणून आतोबांनी फिरणं बंद केलं. डाव्या कुशीवर झोपल्यानं तर ती बाजू दबत नाही ना, या शंकेनं ते उताणे झोपू लागले आणि घोरण्यानं आत्याची झोप गेली. तिला सगळं कळलं ते तेव्हाच. शेजारचा म्हणाला, "भिया, फरक तो है।" कुठल्या बाजूला, हे मात्र त्यालाही सांगता येईना. तशात क्लिनिकनं फोटो पाठवला, त्यात लेझरचं यंत्र उजव्या बाजूला! आतोबांचं म्हणणं, फोटो आरशातला आहे. मला साक्षीला बोलावलं. पण मी समोर उभा, माझं डावं ते त्यांचं उजवं. बोलता बोलता मीच गोंधळलो. मुळात लेझर कुठल्या पातीवर झाला, हेच आता कुणाला खात्रीनं सांगता येईना.

शेवटी एका सकाळी आतोबा बनियन वर करून आत्यासमोर उभे राहिले. "तूच बघ. कुठली बाजू उतरली?" आत्यानं चष्मा लावून नीट पाहिलं, पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "मला नाही बाई कळत काही."

"मलाही नाही कळत," आतोबा बनियन खाली ओढत म्हणाले. ते अगदी हताश झाले होते. "तुझ्यातला फरकही मला कधी कळला नाही. त्या फोटोवाल्यानं तुला मागं नेलं ना, मला वाटलं, पुढं उजेड कमी असेल."

आत्याचं हसू थांबलं. ती उठून आत गेली. आतोबा मला हळूच विचारत राहिले, "काही चुकलं का रे माझं?" 

आत्या लग्नाला आली. लेझर न करता आली.  उखळापाशी बसून तिनं ओव्या म्हटल्या. बहीण मुसळ धरून तिच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. माझे कान मात्र मला भलतंच सांगत होते. लहानपणी ऐकलेला आत्याचा आवाज उरला नव्हता. वरच्या सुरात तो कापत होता, एके ठिकाणी तर तुटलाच. दारात आतोबा उभे होते. मी त्यांना विचारलं, "आत्याचा आवाज जरा उतरलाय का हो?"

आतोबांनी मान वाकडी करून, डोळे मिटून ओवी पुरती ऐकली. मग ते म्हणाले, "कुठं? होता तेवढाच आहे की."

त्यांना खरंच फरक कळत नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला.