चार गावांची एक डिस्क

१४ मे, नांदेड. सकाळपासून उकाडा. दुपारी धुळीची वावटळ उठली, आभाळ भरून आलं आणि तसंच निघून गेलं.

गेम खेळणाऱ्या माणसाकडे किस्से कसे साठतात, हे ज्यानं कधी टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल उघडून त्याचा पंखा साफ केलाय त्याला विचारा. स्वच्छ पुसून बंद करावं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडावं, तर धूळ तेवढीच! आमच्या किश्श्यांचंही तसंच. फरक एवढाच की पूर्वी ते सांगताना हसू यायचं.

आम्ही चौघं. मी नांदेडचा, माझं चष्म्याचं दुकान. गंगाधर अर्धापूरचा, त्याची केळीची बाग. शिवलिंगअप्पा लातूरचे, भांड्यांचे व्यापारी. आणि निलंग्याचा सुमेध, तो आयटीआयमध्ये शिकवतो, आमच्यात सगळ्यात धाकटा, म्हणजे अडतीसचा. या वयात टीव्हीसमोर बसून बटणं दाबतो म्हणून घरची बोलणी चौघांनाही सारखीच.

नवी गेम एकट्यानं घ्यायची म्हणजे डोळे पांढरे होतात. म्हणून आम्ही भिशी सुरू केली. पैशांची नाही, डिस्कची! चौघांत मिळून एक डिस्क घ्यायची, चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे, दीड महिन्यात गेम संपवायची आणि डिस्कचा डबा बसच्या कंडक्टरच्या हाती पुढच्या गावाला द्यायचा. मिळाला की फोनवर एकच शब्द: "पोचलं." गेमबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, पुढच्याची मजा जाते. हा नियम अप्पांचा, आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही.

*

एकदा सुमेधला स्टँडवर यायला उशीर झाला आणि डबा बसबरोबर थेट बिदरला गेला. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं परत आणून दिला, जरा घुश्शातच.

"ओ मास्तर, कसली सीडी हाय ही? पाव्हण्याच्या घरी लावून बगितली रात्री. गाणं न्हाई, पिच्चर न्हाई!"

सुमेधनं डिस्क कन्सोलमध्ये घातली. चालली! अप्पा आजही म्हणतात, "परराज्यात मुक्काम करून आली, तरी चालली. आता कंपनीच्या सर्व्हरवरनं येती, तर घरात यीपर्यंत चारदा मोडती."

*

हे खोटं नाही. गेल्या वर्षी एका गेमचा पहिला नंबर सुमेधचा होता. आयटीआयला रजा टाकून बसला पठ्ठ्या. डिस्क आत गेली आणि पडद्यावर पाटी आली: अपडेट डाउनलोड करा. अपडेट किती मोठा? अख्ख्या डिस्कपेक्षा मोठा! सुमेधकडे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा रोजचा डेटा. त्यानं हिशेब केला आणि मला फोन लावला.

"दादा, रोज थोडं थोडं उतरवलं तर गणपती बसतील."

"मग डिस्कवर काय दिलंय?"

"न्हाई कळत. गंध लावून दिलंय वाटतं नुसतं!"

रजा संपली. गेम सुरू झाली नव्हती.

*

बातम्या मी रोज वाचतो, सकाळी दुकान उघडल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आधी. तीन बातम्या नेहमीच्या. एक, अमकी गेम पुढे ढकलली. दोन, गेम बनवणाऱ्या शेकडो लोकांना कामावरून काढलं. तीन, किमती वाढवल्या, कारण गेम बनवायला खर्च फार येतो. दुसरी आणि तिसरी बातमी शेजारी शेजारी छापायला यांना काही वाटत नाही.

अप्पांना मी एकदा त्यांच्या दुकानात बसून समजावून सांगत होतो की नव्या गेममध्ये शेवटचा अध्याय वेगळा विकत घ्यावा लागणार आहे. अप्पा तेव्हा गिऱ्हाइकाला कुकर दाखवत होते. हातातला कुकर तसाच धरून त्यांनी विचारलं, "म्हंजे मी कुकर विकायचा आणि शिट्टीचे पैसे नंतर मागायचे?"

"तसंच."

"लोक दुकान पेटवतील माझं!"

गिऱ्हाईक बाई घाबरल्या. त्यांनी झाकण उघडून शिट्टी आहे का ते बघून घेतलं.

*

याच अप्पांकडे मोटारींच्या शर्यतीची एक गेम होती. एकट्यानं खेळायची; कुणाशी बोलायचं नाही, कुणाला हरवायचं नाही. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीच त्यांचा विरंगुळा होती. एक दिवस कंपनीनं जाहीर केलं, सर्व्हर बंद करतोय. अप्पा निर्धास्त. "आपली डिस्क आपल्या घरात हाय. त्यांनी तिकडं दिवा मालवला तर आपल्या घरात कशाला अंधार पडतंय?"

ठरल्या दिवशी अंधार पडला. डिस्क फिरायची, गाडी दिसायची, पण पुढे जायची नाही.

अप्पांनी ती डिस्क दुकानात आणून ठेवली आहे. कुणी विचारलं तर दाखवतात. "स्टीलच्या डब्याला झाकण म्हणून बसवून बगितली," म्हणतात, "कुठल्याच मापात बसंना."

*

आता गंगाधर.

आमच्या सगळ्यांची जीव की प्राण असलेली एक मालिका आहे. वाळवंट, घोडा आणि हरवलेल्या भावाला शोधणारा एक माणूस. तिच्या पहिल्या भागात गंगाधरची चिठ्ठी शेवटची निघाली. दुसऱ्या भागातही शेवटचीच! तरी त्यानं तक्रार केली नाही. आपला नंबर यायची वाट बघत असताना तो एका लग्नाला गेला, आणि पंगतीत शेजारी बसलेल्या पोरानं जिलेबी चावत सांगून टाकलं, भाऊ सापडतो, पण शत्रूच्या बाजूनं. गंगाधर ताटावरून उठला.

तेव्हा आम्ही तिघांनी ठरवलं, तिसऱ्या भागाला चिठ्ठ्या नाहीत. पहिला नंबर गंगाधरचा.

तिसऱ्या भागाची तारीख जाहीर झाली तेव्हा त्याच्या शेतात केळीची लागवड चालली होती. तारीख पुढे गेली. पुन्हा गेली. मी दर वेळी फोन करून सांगायचो. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, लागवड केली तवा हे तारीख देऊन राहिले. घड कापले, गाडी भरून गेली, बुडाला पिलं फुटली, त्या पिलांची बाग उभी राहिली. केळ दोनदा आली, ह्यांची गेम येईना!"

पण वाट बघणं त्यानं सोडलं नाही. तो राहतो शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरात. तिथं लाइट पाळीपाळीनं येते, म्हणून त्यानं खास इन्व्हर्टर बसवला. मोबाइलला रेंज मात्र फक्त विहिरीच्या कठड्यावर चढलं की, तीही दोन काड्या. "आपल्याला रेंज कशाला पायजे?" तो म्हणायचा. "आपल्याकडं डिस्क हाय ना!"

*

गेम फेब्रुवारीत आली. त्याआधी आठवडाभर एक यूट्यूबवाला तिला दहापैकी दहा देऊन मोकळा झाला होता. त्याला कंपनीनं परदेशात नेऊन, हॉटेलात ठेवून खेळायला दिली होती. सुमेध म्हणाला, "यजमानाच्या वरणात मीठ कमी हाय, असं त्याच्याच पाटावर बसून कोण म्हणंल दादा?"

आमच्या सगळ्या डिस्का नांदेडच्या मुजीबभाईच्या दुकानातून येतात. त्या दिवशी गंगाधर अर्धापूरहून मोटरसायकलवर आला. इस्त्रीचा शर्ट. मुजीबभाईसाठी केळीची फणी. अप्पा आणि सुमेध फोनवर होते, स्पीकर चालू. गंगाधरनं प्लॅस्टिक नखानं हळूच सोडवलं, वाया जाऊ नये तसं घडी करून खिशात ठेवलं आणि डबा उघडला.

आत डिस्क नव्हती. एक कागद होता. त्यावर रिचार्ज कार्डाला असायची तशी रुपेरी पट्टी. ती नाण्यानं खरवडायची, खालचा कोड कन्सोलमध्ये टाकायचा आणि गेम इंटरनेटवरून उतरवायची. कोड एकाच कन्सोलवर चालेल. गेम दर वेळी सुरू करताना इंटरनेट लागेल. कोड वापरायची मुदत: ३० एप्रिल.

मुजीबभाईनं दुसरा डबा फोडला. तिसरा फोडला.

"डिस्कच नै बोले तो डब्बा कायकू बेचते रे तुम!" तो डब्यावरच्या चित्रातल्या घोड्यावरच ओरडला.

मी गंगाधरला म्हणालो, "कन्सोल माझ्या घरी आण. इथंच राहून खेळ."

"आन् बागंला पाणी कोण दील भाऊ?"

 फोनवरून अप्पांचा आवाज आला, "गंगाधर, अरे बाबा..."

"अप्पा, तुमच्याकडं वायरीचं नेट हाय. तुमचं चालतंय. एकाचं तरी हुईल." त्यानं कागद परत डब्यात ठेवला, डबा माझ्या हातात दिला. "माझा नंबर झाला. पुढं पाठवा."

मी त्याच दिवशी डबा लातूरच्या बसच्या कंडक्टरकडे दिला. संध्याकाळी अप्पांचा फोन आला, "पोचलं." दीड महिना डबा त्यांच्याकडे होता. एप्रिल लागला तसा तो निलंग्याला गेला. "पोचलं," सुमेध म्हणाला. त्याच्या घरी यंदा वायरीचं नेट आलंय.

शेवटचा नंबर माझा. आज दुपारी, वावटळ सुटायच्या जरा आधी, मी स्टँडवरून डबा घेऊन आलो. दुकानात येऊन उघडला. आत कागद होता. रुपेरी पट्टी जशीच्या तशी. मुदत ३० एप्रिल, संपून दोन आठवडे झालेली.

मी गंगाधरला फोन लावला. तो विहिरीच्या कठड्यावर असावा, लागला.

"पोचलं," मी म्हणालो.