पाठीच्या पाण्यातल्या रेघा

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मल्टिपल स्क्लेरोसिसवर संशोधन करत होते. या आजारात शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पेशी मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं आवरणच कुरतडतात. कुंपणानंच शेत खावं, तसा हा प्रकार. आमचे विभागप्रमुख मात्र हसायचे. "बाई, हा गोऱ्या लोकांचा आजार. सांगली-साताऱ्यात कुठून शोधणार?" मी आधीच तापट, त्यात हे रोजचं ऐकणं. रुग्ण सापडले की दाखवते, असं म्हणत मी दात-ओठ खात काम करायची.

तेव्हाच कऱ्हाडजवळच्या एका गावाची तरुण सून रुग्णालयात आली. पाय जड, एका डोळ्यापुढं धुकं. सोबत सुट्टीवर आलेला फौजी नवरा आणि सासू. सासूनं आल्या आल्या तक्रारच मांडली.

"आवं डाक्टरीणबाई, हिला कायबी झालं न्हाई. गुऱ्हाळ पेटलं, उसाच्या रसाच्या काहिलीपुढं बसवली, की हिचं डोळं जात्यात. कालव्यात बुडी मारून आली की लख्ख दिसतंय. कामाच्या टायमालाच कसं हो हे? लय नाटकी हाय. ह्या आयतवारी हिला म्हसवडला, म्हायेरी पोचवायची ठरलीया. कायमचीच."

सून खाली मान घालून बसली होती. मी मात्र खुर्चीतून उठलेच. आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून उष्णतेत संदेश नीट जात नाहीत, अंग गार झालं की पुन्हा जायला लागतात. ज्याला सासू नाटक म्हणत होती, ते या आजाराचं ठळक लक्षण होतं. पण एवढ्यावर प्रमुख मानणार नव्हते, आणि सासू तर मुळीच नाही. रविवारच्या आत हातात पुरावा हवा होता.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिच्या पाठीचं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढलं, रक्तही घेतलं. दोन्हींतली प्रथिनं जेलीसारख्या पातळ थरावर, म्हणजे जेलवर, शेजारी शेजारी ठेवून त्यातून वीज सोडायची होती. आजार असला तर पाण्यात प्रतिपिंडांच्या रेघा दिसतात, रक्तात दिसत नाहीत. ही प्रतिपिंडं मेंदू-मज्जारज्जूच्या भागातच तयार होतात, असा त्याचा अर्थ. पहिल्या दिवशी जेल अर्ध्यावर असताना वीज गेली आणि सगळं वाया गेलं. मी वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग माझ्या भावाच्या मित्राचा कुपवाडला छोटा कारखाना होता, तिथं जनरेटर होता, तिकडं सगळं सामान हलवलं. लेथ मशीनशेजारच्या टेबलावर ओला फडका अंथरून जेल ठेवली.

"ताई, ह्या खरवसाला करंट कशाला देताय?" एका कामगारानं विचारलं.

"कुणीतरी खरं बोलतंय, हे दाखवायला," मी म्हणाले. त्यानं जनरेटरची टाकी काठोकाठ भरली.

प्रयोगशाळेत परतून रेघा उमटवणारं चांदीचं द्रावण जेलवर ओतलं. आधी काहीच नाही. मग पाण्याच्या पट्टीत एक तपकिरी रेघ उमटली, तिच्याखाली दुसरी, तिसरी. रक्ताच्या पट्टीत एकही रेघ नाही. मी एवढ्या जोरात ओरडले, की प्रमुख धावत आले. त्यांनी जेल उचलून खिडकीशी धरली आणि बराच वेळ पाहिली. "पुन्हा करा," ते म्हणाले. पुन्हा केली. त्याच रेघा. दुसऱ्या कुठल्या संसर्गानं हे झालं नाही, याची डॉक्टरांनी खात्री करून घेतली होती. "तुम्ही जिंकलात," प्रमुख म्हणाले. त्या क्षणी मला आभाळ ठेंगणं झालं.

शनिवारी मी तिघांना समोर बसवलं. आजाराचं नाव सांगितलं. समूळ बरं करणारं औषध नाही, पण सुरू केलेल्या स्टेरॉइडनं हा झटका ओसरेल, हेही सांगितलं. एवढं वाईट ऐकून सून रडेल, असं मला वाटलं होतं. ती हसली. डोळे भरून येईपर्यंत हसली.

"आत्याबाई, मी खरंच आजारी हाय!" परीक्षा पास झाल्यासारखं ती सासूला म्हणाली.

सासूचं तोंड उतरलं. ती मुलाकडं वळली. "म्हसवडला सांगावा धाड. सून कुटं जात न्हाई म्हनावं."

"जानार की," सून पदरानं डोळे पुसत म्हणाली. "चार दिस र्‍हाऊन यीन. आता कोन कायमची धाडत न्हाई न्हवं?"