मापाड्याचं नाक

जुन्या डेपोत तेलाच्या अकरा टाक्या होत्या. प्रत्येक टाकीला बेचाळीस पायऱ्या. मापाडी दिवसातून दोनदा सगळ्या टाक्या चढायचा, वरचं झाकण उघडायचा, पितळी वजन बांधलेली फीत आत सोडायचा आणि तेल कुठवर आहे ते वाचायचा. म्हणजे रोज नऊशे चोवीस पायऱ्या वर, तेवढ्याच खाली. एकतीस वर्षं. मी तिथेच पाइप जोडायचो. त्याचं माप चुकलेलं मी एकदाही पाहिलं नाही. त्याला खरं नाव आहे, पण त्याची बायकोसुद्धा, ती होती तोवर, त्याला मापाडीच म्हणायची.

नव्या माणसाला तो एकच गोष्ट शिकवायचा. "आधी वारा पाठीवर घे, मग झाकण उघड. नाहीतर सगळा वाफारा थोबाडावर."

तो डेपो बंद पडला. काही वर्षांनी आमच्या गल्लीमागच्या मोकळ्या जागेवर तिप्पट मोठा डेपो आणायचं ठरलं. कंपनीचा माणूस घरोघर फिरला. शर्टाची घडी मोडू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसायचा. आम्ही त्याला इस्त्रीवाला म्हणायला लागलो.

"गल्लीचा फायदाच फायदा आहे, काका," तो मला म्हणाला.

"टाक्यांवर चढणार कोण?"

"कुणीच नाही. माप आपोआप स्क्रीनवर दिसतं."

"मग आमच्या पोरांना काम कसलं?"

"ते बघू ना."

हे 'बघू ना' मी चाळीस वर्षं ऐकलंय. म्हणणारा कधी काही बघत नाही.

मापाड्याकडे तो तीनदा गेला. शाळेच्या सभागृहात सुनावणी होती. तिथे मापाड्याने एवढंच बोलायचं: एकतीस वर्षं डेपोत काढली, मला काही झालं नाही. बदल्यात जावयाला पक्की नोकरी. जावई दोन वर्षं घरी बसून होता. मुलगी-जावई शेजारच्याच घरात राहायचे. त्यांच्या अंगणाची भिंत संपली की डेपोची जागा.

"खोटं काय आहे त्यात?" मापाडी मला म्हणाला. "धडधाकट आहे की मी."

"मग बोल."

"तू तोंड कशाला वाकडं करतोस?"

"माझं तोंड आहे. हवं तसं ठेवीन."

सुनावणीच्या सकाळी मी त्याला घ्यायला गेलो. "चहा घेऊनच निघू," म्हणाला. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. त्याने पातेलं शेगडीवर ठेवलं, काडेपेटी उघडली, काडी काढली. तेवढ्यात मुलगी मागच्या दारात आली आणि किंचाळली, "बाबा! काडी ओढू नका!"

तिने धावत येऊन शेगडीची दुसरी कळ बंद केली, खिडकी उघडली. मी यायच्या आधी दूध उतू जाऊन ज्योत विझली होती. कळ तशीच चालू.

"अंगणापर्यंत गॅसचा वास येतोय. तुम्हा दोघांना येत नाही?"

मी जोरात श्वास ओढला. काही नाही. साधी हवा.

"तुला येतो?" मापाड्याने मला विचारलं.

"नाही."

त्याने काडी पेटीत परत ठेवली. पेटी पहिल्या खेपेला बंद होईना. एकतीस वर्षं त्याने सगळं मापलं, नाक तेवढं राहिलं.

सभागृहात इस्त्रीवाल्याने त्याला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी जावई, नवा शर्ट घालून. मापाडी उभा राहिला.

"त्रास झाला नाही असं सांगायला येणार होतो," तो म्हणाला. "ते खरं नाही. आज सकाळी गॅसने भरलेल्या घरात काडी ओढत होतो. मला वास येत नाही. या माझ्या दोस्तालाही येत नाही. दोघं त्याच डेपोतले."

"वयानं होतं असं, काका," इस्त्रीवाला हसला.

"बरं. मग एक सांगा. तुमच्या जागेवर वारा कुठून कुठे जातो?"

इस्त्रीवाल्याने कागद चाळले. त्याच्या शेजारच्यानेही चाळले.

"नाही ना माहीत? वर्षातले आठ महिने तुमच्याकडून आमच्याकडे. तुमचा वाफारा माझ्या मुलीच्या घरात. आमचा फायदा सांगता! वारा तुमच्या पाठीवर, थोबाडं आमची."

जावई उठून निघून गेला.

हरकत नोंदवून घेतली म्हणाले. कुंपण चार महिन्यांत घातलं गेलं, पावणेदोन वर्षांत टाक्या उभ्या राहिल्या. फाटकावर सहा पहारेकरी आहेत, सगळे बाहेरच्या ठेकेदाराचे. ज्यांनी डेपोच्या बाजूने भाषणं ठोकली, त्यांच्या घरातलाही एक नाही. जावई अजून सासऱ्याशी बोलत नाही. मला म्हणतो, "ते गप्प बसले असते तर सातवा मी असतो." सातवा कुठे आहे, हे मी त्याला विचारलं. त्याने माझ्याशीही बोलणं टाकलं.

मुलगी मात्र रोज सकाळी बापाकडे येते. दारात थांबून दोनदा श्वास घेते. मापाडी काडी धरून उभा असतो. "पेटवा, बाबा," ती म्हणते, मग तो पेटवतो.

टाक्या भरायला लागल्यापासून ती आधी मागची खिडकी लावून घेते आणि थोडा वेळ थांबते. नाहीतर घरातला वास कुठला आणि बाहेरचा कुठला, हे तिलाही सांगता येत नाही.