म्हाताऱ्याची नाव

आमच्या घरात तेलुगू बोलत. गल्लीत तेलुगू, मागावर तेलुगू, भांडणही तेलुगूतच. मराठी मी शाळेत शिकलो, आणि ती शिकून पुरती व्हायच्या आतच इंग्रजी सुरू झालं. सोलापुरात पूर्वेकडच्या पेठांतून राहणाऱ्या आम्हा विणकरांच्या मुलांची तेव्हा सगळ्यांचीच ही गत होती. पण बहुतेक मुलं चार बुकं झाली की मागावर बसत, नाहीतर गिरणीत जात. मला वडिलांनी पुढे शिकू दिलं, कारण मला डोळ्यांचा त्रास होता आणि बारीक सुताचा तुटलेला धागा मला चटकन दिसत नसे. पुस्तकाची अक्षरं मात्र दिसत.

इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत, गेलो तेव्हाची ही हकिगत. आमचे इंग्रजीचे मास्तर उंच, सडपातळ, नेहमी बंद गळ्याच्या कोटात. शिकवण्यात हयगय नाही, मारणं क्वचित. त्यांची पद्धत ठरलेली होती. एका मुलानं धड्यातलं एक वाक्य वाचायचं, त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायचा, व्याकरण चालवायचं आणि शेवटी वाक्याचं शुद्ध मराठी भाषांतर करायचं. ते पसंत पडलं तर बसायचं. मग पुढचा मुलगा, पुढचं वाक्य. एक धडा असा कितीतरी दिवस चाले. गोष्टीतला माणूस घरातून निघाला की नाक्यावर पोचेपर्यंत आठवडा उलटायचा.

मी पुस्तक हाती आलं त्याच आठवड्यात घरी बसून सगळं वाचून काढलं होतं. अम्मा अंगणात चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायची, आणि मी तिच्याजवळ उंबऱ्याला टेकून वाचायचो. सगळे शब्द कळत असं नव्हे. पण इंग्रजी मला परकं वाटलं नाही, आणि त्याचं कारण मला पुढे बऱ्याच उशिरा सापडलं. मराठीत प्रत्येक वस्तू बाई, पुरुष किंवा दोन्ही नसलेली असते. भिंत ती, दगड तो, दार ते. हे का, ते कुणी सांगत नाही, मराठी घरातलं मूल ते दुधाबरोबर पितं. आमच्या तेलुगूत नदी, भिंत, माग, दगड सगळ्यांना एकच. इंग्रजीतही तसंच. इंग्रजी वाचताना माझं मन मोकळं चालायचं. मराठीत बोलायला तोंड उघडलं की पावलोपावली ठेच.

त्या पुस्तकात एक धडा होता. एक म्हातारा नावाडी. नदीवर नवा पूल होतो, लोक पुलावरून जाऊ लागतात, नावेत कुणी बसेना. तरी म्हातारा रोज सकाळी काठावर येऊन उभा राहतो. एवढीच गोष्ट. शेवटच्या वाक्यात एक शब्द होता, स्टिल. म्हातारा तिथे स्टिल उभा होता. त्या शब्दाचा अर्थ 'अजूनही' असाही होतो आणि 'निश्चल' असाही. मला तो दुसरा वाटला होता. आमच्या गल्लीत एक विणकर होते, त्यांना सावकाराकडून सूत मिळेनासं झालं होतं. माग रिकामा. तरी ते सकाळी आंघोळ करून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, हात मांडीवर ठेवून. पापणीसुद्धा हलायची नाही. धडा वाचताना मला तेच दिसले. त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ अम्माच्या चरख्याकडे नुसता बघत राहिलो. छापलेल्या कागदानं असं काही होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

वर्गात तो धडा आला तेव्हा मी आतुर होतो. माझ्या वाट्याला आलेलं वाक्य सोपं होतं. नावाड्याची नाव काठाला बांधलेली होती. मी इंग्रजी नीट वाचलं, अर्थ सांगितले, व्याकरण चालवलं. मग भाषांतर केलं.

"म्हाताऱ्याचं नाव काठाला बांधलं होतं."

मास्तरांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "नाव काठाला बांधलं. मग आडनाव कुठं सोडलं होतं?"

वर्ग हसत सुटला. मला काय चुकलं तेच कळेना. नाव म्हणजे होडी, हे मला माहीत होतं. बांधणं माहीत होतं. काठ माहीत होता. शेजारच्याने कोपरानं ढोसून सांगितलं, तेव्हा कळलं की नुसत्या 'ची'च्या जागी 'चं' आल्यानं होडी जाऊन तिथे माणसाचं नाव आलं होतं. मास्तरांनी मला बाकावर उभं केलं नाही, छडी उगारली नाही. "इंग्रजी कच्चं आहे," एवढंच म्हणाले आणि पुढच्या मुलाला उठवलं. इंग्रजी कच्चं. ते वाक्य मला छडीपेक्षा लागलं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मुलं मला 'आडनाव' म्हणू लागली.

ज्यानं मला कोपरानं ढोसलं, तो शेजारचा मुलगा माळशिरसकडचा. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. तो गावाकडच्या मुलांसाठीच्या वसतिगृहात राहायचा. त्याचं उलटं होतं. इंग्रजी त्याच्या डोक्यात शिरत नसे. मास्तर सांगत ते भाषांतर तो जसंच्या तसं पाठ करायचा, आणि कुठलं वाक्य कुठल्या वाक्याचं हे विसरायचा. पण मराठी त्याच्या तोंडून नुसती वाहायची.

आम्ही दोघांनी मिळून अभ्यास करायचं ठरवलं. शाळेमागच्या लिंबाखाली बसून मी त्याला धडा समजावायचो, माझ्या मोडक्या मराठीत, हातवारे करून. ते ऐकून तो ते आपल्या भाषेत सांगायचा. नावाड्याची गोष्ट त्यानं एकदा ऐकली, आणि त्या रविवारी वसतिगृहाच्या पडवीत पाच-सहा पोरांना सांगितली. मीही तिथे होतो.

"म्हाताऱ्याची व्हडी काठाला बांदलेली व्हती," तो सांगत होता. "पूल झाल्यापास्नं त्येला कुणी इचारीना. पर ह्यो रोज सकाळी यायचा आन् हुबा ऱ्हायचा. हालायचा न्हाय, डुलायचा न्हाय. पान्याकडं बगत निस्ता हुबा."

एकानं विचारलं, "का रं हुबा ऱ्हायचा?" त्यावर त्यांच्यात वाद लागला. एक म्हणाला गिऱ्हाइकाच्या आशेनं. दुसरा म्हणाला, दुसरीकडं जाणार कुटं? एक धाकटा मुलगा म्हणाला की त्याचे पाय सवयीनं येत असतील, जनावर गोठ्यात येतं तसे. जेवणाची घंटा झाली तरी कुणी उठेना. शाळेत वर्ष-वर्ष बसून मला जे मिळालं नव्हतं, ते त्या पडवीत मिळालं. मला वाटलं, इंग्रजी शिकायचं ते हेच.

त्याच भरात दुसऱ्या दिवशी माझ्या मित्रानं वर्गात शेवटच्या वाक्याला हात वर केला. तो कधी हात वर करत नसे, म्हणून मास्तरांनाही नवल वाटलं असावं. त्यानं वाक्य अडखळत वाचलं आणि भाषांतर केलं, "म्हातारा थितंच निस्ता हुबा व्हता."

मास्तर म्हणाले, हे कुठलं मराठी? पुन्हा हशा. मग त्यांनी फळ्यावर शुद्ध भाषांतर लिहिलं. 'वृद्ध नावाडी अद्यापि तेथेच उभा होता.' सगळ्यांनी उतरून घेतलं. मी उठून विचारलं की इथे 'अद्यापि' ऐवजी हलत नाही असा अर्थ होईल का. होईल, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले, व्याकरणानं दोन्ही बसतं. पण वर्षानुवर्षं मुलं हेच लिहीत आली आहेत, परीक्षेत घोळ नको. मी तरीही खाली बसलो नाही. विचारलं, तो उभा का राहायचा?

"धड्याखालच्या प्रश्नांत हा प्रश्न आहे का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"मग बस."

धड्याचा बोध म्हणून त्यांनी सांगितलं की मनुष्यानं आपल्या कर्तव्यात खंड पडू देऊ नये. तेही आम्ही उतरून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे मांडीवर हात ठेवून बसलेले ते विणकर होते. त्यांना जाऊन हा बोध सांगावा आणि ते काय म्हणतात ते ऐकावं, असं माझ्या मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

वार्षिक परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात न पाहिलेला एक उतारा भाषांतराला होता. उतारा एका वाचनात मला कळला. मग मी मराठी लिहायला बसलो आणि प्रत्येक शब्दाशी थबकलो. वारा तो की ते? सावली? झाडाचं पान आणि पुस्तकाचं पान एकाच लिंगाचं असतं का? लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. घंटा झाली तेव्हा निम्मा उतारा माझ्या डोक्यातच राहिला होता. माझ्या मित्रानं तर न पाहिलेल्या उताऱ्याखाली पाठ असलेल्या कुठल्याशा धड्याचं भाषांतर लिहून ठेवलं. रिकामं कशाला सोडायचं, म्हणाला.

निकाल लागला. दोघेही इंग्रजीत नापास, म्हणून दोघेही त्याच वर्गात. निकालाच्या फलकापुढची गर्दी ओसरल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हसत म्हणाला, "तुला विंग्रजी येतंय, मला मराठी येतंय. तरी दोगंबी नापास. मंग पास व्हनाऱ्यास्नी येतंय तरी काय?"

मला हसू आलं नाही. त्याचे वडील त्याला न्यायला आले, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्यांनी मुलाची वळकटी काखेत मारली आणि निघाले. तो पुन्हा शाळेत आला नाही.

मी त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी सगळा राग मनात जुळवून नेला होता, पण तोंडून मराठी फुटेना. शेवटी एवढंच म्हणालो की मला तो उतारा समजला होता.

त्यांनी बादली खाली ठेवली. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "वर्गात इतरांपेक्षा तुला जास्त कळतं हेही माहीत आहे. पण मॅट्रिकचा परीक्षक मुंबईत बसतो. तुझ्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. कागदावर नाव 'बांधलं' असेल तर तो काट मारणार. मी आज हसलो नाही, तर तो हसेल."

हे खरं होतं, म्हणूनच मला जास्त चीड आली. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. त्यांना माहीत होतं, आणि तरी इंग्रजी कच्चं आहे असंच ते सबंध वर्षभर म्हणत आले होते. घरी गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, आता काय? अम्मा म्हणाली, त्याला अजून एक वर्ष बघू दे. वडील मागावर जाऊन बसले. सुतातून धावणाऱ्या धोट्याचा आवाज त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जोरात वाटला.

पुढचं वर्ष मी इंग्रजी वाचलंच नाही. मराठी लिंगं पाठ केली, पाढे पाठ करावेत तशी. ती भिंत, तो खांब, ते छप्पर. रस्त्यानं जाताना दिसेल त्या वस्तूला मनात तो, ती, ते करत जायचो. गिरणी ती, भोंगा तो, धुराडं ते. अम्मा हाक मारायची ते ऐकू यायचं नाही. नावाड्याचा धडा पुन्हा आला, तीच वाक्यं, तीच उत्तरं. माझी पाळी आली. मी न चुकता म्हणालो, म्हाताऱ्याची नाव काठाला बांधलेली होती. मास्तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, बरोबर, पुढचा. मी खाली बसलो. धड्यात नदी होती, म्हातारा होता, पण मला ना पाणी दिसलं, ना तो.

मी पास झालो. पुढे मॅट्रिकही झालो. एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे बाहेरगावची इंग्रजी पत्रं वाचून मालकांना मराठीत सांगायची नोकरी धरली आणि जन्मभर केली. माझं मराठी ऐकून कुणाला वाटत नाही की हा घरात तेलुगू बोलतो. मालक तर चारचौघांत माझ्या शुद्ध बोलण्याचं कौतुक करत, आणि मी मान खाली घालून ऐकत असे.

पण इंग्रजी गोष्टीचं पुस्तक हाती धरलं की अजून तेच होतं. पहिलं वाक्य कळतं न कळतं तोच मनात कुणीतरी त्याचं भाषांतर करायला लागतं, तो-ती-ते जुळवतं, एक खोडतं, दुसरं लिहितं. तोवर गोष्टीतली माणसं पुढे निघून गेलेली असतात. मग मी पान मागे उलटतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो.